‘तेराला मी फवारलंच न्हाई’ : नोंदीपासून छापील पानापर्यंतची मार्गदर्शिका कशी सुधारावी

सांगलीच्या विश्रामबागेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि वालचंद कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट ही रोजची कामं. त्यातून वेळ काढून मी एक मराठी मार्गदर्शिका सांभाळते. साध्या टेक्स्ट फाइलमधल्या नोंदी पॅनडॉक किंवा ऑर्ग-मोडमधून लाटेकमार्गे नीट जुळणी केलेल्या पीडीएफमध्ये कशा आणायच्या, एवढाच तिचा विषय. पॅनडॉक आणि ऑर्ग-मोड साध्या नोंदी दुसऱ्या स्वरूपात बदलून देतात आणि लाटेक त्यांची छापील पानासाठी जुळणी करतं. ती मी तीनदा मुळापासून लिहिली. तिसऱ्या खेपेला कुठे ती वापरण्यासारखी झाली. ज्यांना आपल्या सॉफ्टवेअरची अशी माहिती लिहायची किंवा दुरुस्त करायची आहे, त्यांनी ती कुठून सुरू करावी ते सांगते. सुरुवात वाचकाच्या हातातल्या छापील कागदापासून करा आणि तिथून उलट मागे या.

हे मी प्रूफवाचनातून शिकले. आमच्या धंद्यात चूक सापडते ती कागदावर, लाल पेनाने. ज्यावर लाटेक उभं आहे त्या टेकचा जन्मसुद्धा असाच झाला. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या हातात त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती जुळणी त्यांना इतकी वाईट वाटली की हातातलं काम बाजूला ठेवून ते स्वतःच जुळणीची प्रणाली लिहायला बसले. त्या टेकवर पुढे लेस्ली लँपोर्ट यांनी लाटेक उभारलं. आज जॉन मॅकफार्लेन यांचा पॅनडॉक (२००६) आणि कार्स्टन डॉमिनिक यांचा ऑर्ग-मोड (२००३) आपल्या नोंदी त्याच लाटेकच्या हवाली करतात. या दोघांच्या मूळ पुस्तिका मी पुन्हा पुन्हा वाचल्यात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. एकेक पर्याय त्यात नोंदवलेला आहे. पण पर्यायाचं नाव माहीत असलेल्यालाच तो सापडतो, आणि अडलेल्या माणसाला नेमकं ते नावच माहीत नसतं.

माझे मामा तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतात. फवारणीच्या नोंदी ते मोबाइलवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतात. महिन्याचं नाव मथळा म्हणून, खाली एकेक ओळ: तारीख, औषध, प्रमाण, किती पाणी. आकडे इंग्रजी कळांनी टाकतात, बाकी सगळं मराठी. परदेशी जाणाऱ्या मालाला या नोंदी दाखवाव्या लागतात, म्हणून त्यांना त्या छापून फाइलला लावायच्या होत्या. मी त्यांना माझी मार्गदर्शिका दिली, दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि म्हटलं, “मामा, मी काही बोलणार नाही. तुम्ही वाचा आणि करा.”

पहिल्याच मथळ्याला ते थांबले. मी लिहिलं होतं, ‘नोंदी एक्सपोर्ट करा.’ मामा म्हणाले, “माल कुठं पाठवायचाय?” आमच्या भागात एक्सपोर्ट म्हणजे कंटेनरमधून युरोपला जाणारी द्राक्षं. शब्द चुकीचा नव्हता, पण त्यांच्याकडे तो आधीच दुसऱ्या कामाला लागलेला होता. आता तो मथळा ‘छापायला पीडीएफ तयार करा’ असा आहे, आणि ऑर्गच्या मेनूत एक्सपोर्ट हे नाव दिसेल हे त्याखालच्या ओळीत सांगितलंय. तुमच्या मार्गदर्शिकेतले असे शब्द तुम्हाला एकट्याने बसून दिसणार नाहीत. शेजारी माणूस बसवावा लागतो आणि आपलं तोंड बंद ठेवावं लागतं. दुसरी अट जास्त अवघड आहे. मी वही घेऊन बसते आणि माणूस जिथे थांबला तिथली ओळ आणि त्याच्या तोंडून निघालेला शब्द तसाच्या तसा उतरवून घेते.

मग पहिला प्रिंट निघाला. पान जवळजवळ कोरं होतं. त्यावर होते फक्त आकडे, स्वल्पविराम आणि टिंबं. औषधांची नावं नाहीत, ‘लिटर’ नाही, काहीच नाही. प्रमाण शिल्लक आणि औषध गायब, असा तो कागद बघून माझ्या पोटात गोळा आला.

कारण साधं होतं. आम्ही वापरला तो झीलाटेक, म्हणजे लाटेकमधून पीडीएफ बनवणारा एक प्रोग्रॅम (इंजिन). त्याला फाँट सांगितला नाही तर तो लॅटिन मॉडर्न घेतो आणि त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. जे अक्षर नाही ते तो सोडून देतो, ‘मिसिंग कॅरॅक्टर’ अशी सूचना देतो आणि पीडीएफ तयार करून मोकळा होतो. पॅनडॉकला इंजिनच सांगितलं नाही, तर तो पीडीएफलाटेक हे दुसरं इंजिन वापरतो. तिथे वेगळं घडतं: काम मध्येच थांबतं आणि ‘युनिकोड कॅरॅक्टर नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक’ असा संदेश येतो. मूळ अडचण एकच असली, तरी वाचकाला दिसणाऱ्या गोष्टी दोन आहेत. म्हणून मार्गदर्शिकेत नोंदीही दोन हव्यात. एक ‘पान कोरं आलं, फक्त आकडे दिसतात’ आणि दुसरी त्या संदेशाच्या नावाने. संदेश पडद्यावर जसा येतो तसाच, त्याच लिपीत आणि त्याच शब्दांत द्या. त्याचं भाषांतर करू नका, कारण माणूस तोच मजकूर उचलून शोधायला जातो. दोन्ही नोंदींखाली उपाय पूर्ण लिहा. ‘वर पाहा’ म्हणून अडलेल्या माणसाला परत पाठवू नका.

दुसऱ्या प्रिंटला फाँट दिला, शोभिका. आयआयटी मुंबईने तयार केलेला आणि मोफत मिळणारा. अक्षरं आली, पण ‘लिटर’मधली वेलांटी ‘ल’च्या अलीकडे न येता पलीकडे, ‘ट’च्या डोक्यावर जाऊन बसली होती. ‘बोर्डो’ या औषधाच्या नावातला रफार उतरून ‘र’खाली हलन्त उघडा पडला होता. नुसता फाँट पुरत नाही. पॅनडॉकच्या मेनफाँटऑप्शन्स या सेटिंगमध्ये लिपी देवनागरी असल्याचं स्वतंत्र सांगावं लागतं, तेव्हाच जोडाक्षरांचे नियम लागू होतात. त्याच जागी भाषा मराठी असंही सांगावं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वर्णांची जी रूपं ठरवून दिली, त्यातले आपले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. ज्या फाँटांत दोन्ही वळणं असतात ते बहुधा भाषा सांगितल्यावरच मराठी वळण देतात. या नोंदीपुढे मी नियम लिहिला नाही. चुकीच्या ‘लिटर’चं आणि बरोबर ‘लिटर’चं अशी दोन छायाचित्रं शेजारीशेजारी लावली, मोठी करून. आपलं पान कुठल्या चित्रासारखं दिसतंय हे कोणीही ओळखतं.

तिसरा प्रिंट सुरेख आला. समास सारखे, शिरोरेघ सलग, मथळे ठळक. मी मनातून खूश झाले. मामांनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत वाचलं आणि म्हणाले, “पोरी, तेराला मी फवारलंच न्हाई. तेराला दिवसभर पाऊस हुता.”

फाइल उघडली. त्यांनी लिहिलं होतं: १२, मग १५, मग १९. छापलं गेलं होतं: १२, १३, १४.

जुन्या वहीतल्या सवयीने मामा तारखेपुढे टिंब देतात आणि मग जागा सोडून औषध लिहितात. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा, त्याला चिकटून टिंब आणि पुढे मोकळी जागा, असं दिसलं की पॅनडॉक त्या ओळींना क्रमांकित यादी समजतो. पहिला आकडा तो जपतो, पुढचे स्वतः मोजतो. ऑर्गमध्ये यादी छापताना थेट १, २, ३ पासूनच सुरू होते. दोन्हीकडे हे ठरवून केलेलं वागणं आहे आणि याद्यांसाठी ते सोयीचंही आहे. पण द्राक्षांच्या नोंदीत शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले दिवस मोजले जातात. तिथे पाच दिवसांनी सरकलेली तारीख म्हणजे खोटी नोंद, आणि कागद इतका देखणा की कुणाला संशयही येऊ नये. कोऱ्या पानाची चूक आपण होऊन ओरडून सांगते. ही चूक मामांनी चष्मा लावला म्हणून सापडली.

खरं तर ही माहिती माझ्या मार्गदर्शिकेत आधीपासून होती. ‘क्रमांकित याद्या’ या मथळ्याखाली मी लिहिलं होतं: ‘यादीतील पहिला क्रमांक कायम राखला जातो, पुढील क्रमांक आपोआप दिले जातात.’ एकही शब्द चुकीचा नाही. पण मामांनी यादी केलीच नव्हती, मग ते त्या मथळ्याकडे कशाला वळतील? आता त्या जागी हे आहे:

‘छापल्यावर तारखा बदलल्या? ओळीची सुरुवात आकडा आणि टिंबाने केली असेल, तर पॅनडॉक तिला यादी समजून पुढचे आकडे स्वतः घालतो. तारीख “१२ ऑक्टोबर –” अशी लिहा. टिंबच हवं असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. आणि प्रत्येक नोंदीनंतर एक ओळ मोकळी सोडा, नाहीतर सगळ्या नोंदी एकाच परिच्छेदात गोळा होतील. छापल्यावर पहिली, मधली आणि शेवटची तारीख मूळ फाइलशी ताडून पाहा.’

मोकळ्या ओळीचं वाक्य पुढच्या प्रिंटनंतर घातलं, कारण तारखा दुरुस्त झाल्यावर अख्खा ऑक्टोबर एका परिच्छेदात वाहून गेला होता. एक उपाय लिहिला की तो स्वतः करून पाहा आणि त्यातून कोणती नवी अडचण निघते तेही तिथेच लिहा. ताडून पाहण्याचं शेवटचं वाक्य मात्र मी कुठल्याही मार्गदर्शिकेतून काढू देणार नाही. काम झालं हे कशावरून ओळखायचं, हे वाचकाला सांगितलंच पाहिजे.

बाकीची कामं झटपट होतात. वाचकाने काहीच सांगितलं नाही तर काय घडतं, ते प्रत्येक पर्यायापुढे आधी लिहा. कागदाचा आकार सांगितला नाही तर लाटेकचा नेहमीचा लेख-साचा अमेरिकन लेटर आकार धरतो आणि आपल्याकडे तर सगळीकडे ए-फोर. ऑर्गमध्ये चौथ्या पातळीपासूनचे मथळे मथळे राहत नाहीत, यादी होतात. तिथेच नावात अधोरेखा असली तर तिच्यापुढची अक्षरं खाली उतरतात. हे सगळं बदलता येतं, पण बदलण्यासारखं काही आहे हे आधी कळायला हवं. लाटेक ज्यातून मिळतं त्या टेक लाइव्हचा पूर्ण संच काही जीबींचा आहे, हे तर पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्रभर डाउनलोड लावून बसलेली मुलं मी पाहिलीत.

नमुना फाइल देताना तुकडे देऊ नका. मथळा, दोन नोंदी, एक तक्ता आणि शेवटी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘क्षेत्र’, ‘शिल्लक’ हे शब्द असलेली एक ओळ, एवढी पंधरा-वीस ओळींची पूर्ण फाइल द्या. शेजारी तिचं छापील पान दाखवा. ते चार शब्द मुद्दाम निवडलेत: अर्धा ‘र’, जोडाक्षर, वेलांटी, ‘ल’ आणि ‘श’ची वळणं, सगळं एका नजरेत तपासून होतं. पॅनडॉकची कोणती आवृत्ती, कोणता फाँट आणि कोणत्या तारखेला चालवून पाहिलं, हे फाइलच्या डोक्यावर लिहा. आणि तपासणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर करू नका. माझ्या मशीनवर शेकडो फाँट आहेत, तिथे सगळंच चालतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मी मुद्दाम काही ठेवत नाही. मार्गदर्शिकेतल्या पायऱ्या तिथे जशाच्या तशा करते आणि मनातून आठवून एखादी पायरी केली, तर ती लगेच लिहून काढते.

सापडलेलं आपल्यापुरतं ठेवू नका. पॅनडॉकची पुस्तिका ही एकच मोठी टेक्स्ट फाइल आहे, पॅनडॉकच्याच मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत लिहिलेली. ऑर्गची पुस्तिका ऑर्गमध्येच आहे. दोन्ही सर्वांना खुल्या आहेत. आपल्या नोंदी जशा लिहितो तशीच ती फाइल उघडून वाक्य बदलता येतं आणि मूळ कर्त्यांकडे पाठवता येतं. पाठवताना एका वेळी एकच दुरुस्ती, सोबत कमीत कमी ओळींचा नमुना, काय अपेक्षित होतं आणि काय छापलं गेलं. कारण सांगायच्या आधी कागद दाखवा.

आमच्याकडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. मामांची नवी फाइल तेव्हा सुरू होते, म्हणून मार्गदर्शिकेची फेरतपासणीही मी त्याच दोन वेळी ठेवलीय. त्या आठवड्यात पॅनडॉक नवा घालते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नमुना फाइल चालवते आणि आधीच्या प्रिंटशेजारी नवा प्रिंट ठेवते. मग मामा येतात, चष्मा लावतात आणि तारखांवर बोट ठेवत वाचायला लागतात. मी लाल पेन उघडून शेजारी बसते.