'गणपती झाले की बघू' म्हणताय? मन बिघडलंय हे ओळखायचं कसं आणि डॉक्टर कधी गाठायचा

आमच्या देवगडात प्रत्येक आजाराला पुढची तारीख मिळते. आंबा संपला की बघू, लावणी उरकली की बघू, गणपती झाले की बघू, मग दिवाळी, मग गावची जत्रा आणि तोवर कलमांना परत मोहोर आलेला असतो. गुडघेदुखी अशी ढकलली तर एकवेळ चालतं, पण माणसाची झोप उडालीय, तोंडातून शब्द फुटत नाहीये, ते असं ढकललं की पुढे भारी पडतं, हे मी घरातच बघितलंय म्हणून एवढं लिहितोय.

माझे काका. आयुष्यभर कलमात रमलेला माणूस, आंब्याची पेटी भरताना गाणी म्हणणारा. एका वर्षी शिमग्याच्या आसपास पहाटे तीनला उठून पडवीत बसायला लागले, मग कलमात जायचं कमी झालं, मग जेवण, मग दाढी. विचारलं की एकच उत्तर, "माका काय झालला नाय." सगळे म्हणाले फवारणीच्या कर्जाचं टेन्शन आहे, पैसे आले की सुटेल. पैसे आले, पण काका काही सुटले नाहीत. मधे एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या की काकी मेडिकलमधून तशाच आणायच्या, आणि खऱ्या डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत दिवाळी उजाडली. आठ महिने. काकी आजही म्हणते, दिसत सगळं होतं, पण याला आजार म्हणतात हे कुठे माहीत होतं.

तर आधी हे समजून घ्या की मनाचा आजार म्हणजे कपडे फाडणारा, रस्त्यात ओरडणारा माणूस एवढंच नाही. हल्ली डॉक्टर बिहेवियरल हेल्थ म्हणतात त्यात झोप, भूक, राग, भीती, दारू, मोबाईल, जुगार, संशय, सगळं येतं, म्हणजे मनात जे चाललंय आणि माणूस दिवसभर जसा वागतो ते दोन्ही.

ओळखायचं कसं? त्या माणसाची तुलना शेजाऱ्याशी करू नका, त्याच्या स्वतःशीच करा. मुळात अबोल असलेला माणूस अबोल राहिला तर काही नाही, पण वाडीतल्या प्रत्येक भजनाला पहिला जाऊन बसणारा तीन बुधवार घरातच पडून राहिला तर विचारा. काय बदललं, कधीपासून बदललं आणि कुठलं काम अडलं, एवढं स्वतःला विचारून बघा. उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं, सतत थकवा, "माझा काय उपयोग" असं बोलणं, हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल आणि कामधंदा, शाळा, घर यावर परिणाम होत असेल तर डॉक्टरकडे जायची वेळ झालीच. पुढच्या सणाची वाट बघायची गरज नाही. घरात कोणी गेलं तर दुःख होणारच, त्याला आजार म्हणत नाहीत, पण महिने उलटले तरी माणूस उठतच नसेल तर तिथेही मदत लागते. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पूर आला, तळियेत दरड कोसळली, असलं काही बघितलेल्या माणसाला नंतर कितीतरी दिवस पाऊस वाढला की धडकी भरते, झोपेत दचकायला होतं, आणि ते महिनाभरानंतरही तसंच असेल तर त्यावरही उपचार आहेत, "घाबरट झालाय" म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे बरीच माणसं मनाचं दुखणं अंगावर सांगतात हेही लक्षात ठेवा. छातीत धडधड, डोकं जड, पोटात गॅस, हातापायाला मुंग्या. बायका तर वर्षानुवर्षं अंगदुखीचीच गोळी खात असतात आणि आत काय साठलंय ते कोणी विचारत नाही. यात एक गोष्ट मात्र पक्की, पहिल्यांदा छातीत दुखलं, श्वास कोंडला तर आधी ईसीजी काढा, घरबसल्या "टेन्शन असेल" असं ठरवू नका. रिपोर्ट नॉर्मल आले आणि तरी अचानक भीतीचा झटका येऊन दहा-पंधरा मिनिटांत ओसरतोय, असं वारंवार होतंय, तर तो पॅनिक अटॅक असू शकतो. थायरॉईड आणि बी-१२ पण तपासून घ्या, ते बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो.

आता ज्यात दोन आठवडे सोडा, उद्याची पण वाट बघायची नाही ते. माणूस मरायचं बोलतोय, किंवा अचानक निरवानिरव करायला लागलाय. कोणालाच ऐकू न येणारे आवाज त्याला ऐकू येतायत, घरचेच आपल्याला मारणार असं वाटतंय. चार-चार रात्री झोपला नाही तरी थकत नाही, मोठमोठ्या बाता आणि पैशांची उधळण चाललीय. बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येणं होतं आणि दोन आठवड्यांत ते बहुतेक वेळा निवळतं, पण ती बरळायला लागली किंवा बाळाबद्दल भलतंच काही बोलायला लागली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. म्हातारं माणूस एका दिवसात भ्रमिष्टासारखं वागायला लागलं तर ते बहुतेक वेळा वेड नसतं, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, ताप असं काहीतरी असतं, तेव्हा ताबडतोब दवाखाना. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम कोंडून बंद करू नका, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, हात थरथरून भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. सोडवायचीच, पण डॉक्टरच्या औषधाखाली. व्यसनासाठी १४४४६ हा सरकारी फोन नंबर आहे.

मरायचं बोलणाऱ्याला सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने त्याच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बऱ्याच वेळा माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही, आणि कलमांच्या फवारणीची औषधं पडवीतून उचलून कुलपात ठेवायची, शक्य असेल तर दुसऱ्या घरी. आमच्याकडे ती जेवणाच्या तेलाच्या बाजूला पडलेली असतात, हे मला खरंच भयंकर वाटतं. धोका समोर असेल तर ११२ किंवा अँब्युलन्ससाठी १०८.

देवरशी, म्हणजे अंगात आणून कौल सांगणारा, त्याचं पण बोलतो, कारण ते टाळून कोकणात या विषयावर काही बोलता येत नाही. देवाला गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, घरच्यांच्या जीवाला त्याने बरं वाटतं आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण गाऱ्हाणं घातलं त्याच दिवशी डॉक्टरची पण वाट धरा. आणि भूत काढतो म्हणून कोणी बांधत असेल, मारत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे, तिथून माणसाला लगेच बाहेर काढा.

जायचं कुठे? सुरुवात नेहमीच्या डॉक्टरपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून केली तरी चालते. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रत्नागिरी आणि अलिबागला सिव्हिल. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या अंगावर काटा येतो, "रत्नागिरीला पाठवा याला" ही तर शिवीच झालीय, पण तिथे ओपीडी आहे, दाखवायचं, औषध घ्यायचं आणि घरी यायचं, दाखवायला गेलेल्या प्रत्येकाला कोणी ठेवून घेत नाही. घरातून निघवतच नसेल, किंवा वाडीत कोणाला कळू नये असं वाटत असेल तर टेली-मानस ही मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, २४ तास आहे, मराठीत बोलतात. घरचे पण फोन करू शकतात, पेशंटच पाहिजे असं नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला, औषधं देणारा डॉक्टर, आणि सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो, पुष्कळांना दोन्ही लागतात. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून वाचा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही धरायचं आहे.

चाकरमान्यांना एक वेगळं सांगणं. आईबाप गावात एकटे आणि तुम्ही डोंबिवलीला, तर फोनवर "जेवलंस?" "होय" यातून काही कळत नाही. व्हिडिओ कॉल करा, मागचं घर बघा, खळं सारवलंय का, तुळशीला पाणी आहे का, आई गेल्या आठवड्यात कोणाकडे गेली होती. मीही मुंबईतून काकांशी फोनवर बोलायचो आणि आवाज नेहमीसारखाच वाटायचा.

माणूस यायला तयार नसतो ही सगळ्यात मोठी अडचण. तिथे "तुला मानसोपचाराची गरज आहे" वगैरे भाषण देऊ नका, त्याला स्वतःला जे खुपतंय तिथून धरा. काका उदासी कबूल करत नव्हते पण झोप नाही हे मान्य करत होते, मग काकी म्हणाली झोपेचा डॉक्टर हाच आहे, दाखवून येऊ, मी पण येते. खोटं नव्हतं ते. मधुमेहाचं तपासायचंय असं फसवून मात्र नेऊ नका, एकदा विश्वास गेला की दुसऱ्यांदा गाडीत बसत नाहीत.

जाताना एका कागदावर लिहून न्या, कधीपासून, काय काय, झोप किती, दारू-तंबाखू किती, आधीची औषधं कोणती, घराण्यात कोणाला असं होतं का. तिथे पोचल्यावर निम्मं आठवत नाही. उदासीची औषधं लागू पडायला बहुतेकांना दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, त्यामुळे आठ दिवसांत "काय उपयोग नाही" म्हणून फेकू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नका. या गोळ्यांचं व्यसन लागतं अशी भीती असते, उदासीच्या औषधांनी दारूसारखी तलफ येत नाही, फक्त बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती काही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची, म्हणूनच त्या चिठ्ठीशिवाय काकीसारख्या आणत राहू नयेत.

काकांना सुधारायला तीनेक महिने लागले. पुढच्या मोहोराला परत कलमात गेले, गाणी मात्र अजून कमीच. गेल्या वर्षी फॉलोअपची तारीख नेमकी हरतालिकेला आली, घरात गणपतीच्या वरची सजावटीची माटवी बांधायची, सामान भरायचं, मुंबईची मंडळी यायची. काका म्हणाले, "चवथ झाली काय बघूया." काकीने एक दिवस आधीची वेळ मागून घेतली, पहाटेची एसटी पकडून दोघं ओरोसला गेली आणि येताना कणकवलीहून माटवीचं सामान घेऊन संध्याकाळी घरी आली.