जुन्या नाटकातली पात्रं कशी वाचावीत? ‘शारदा’ हाताशी घेऊन

इंदूरच्या मराठी घरांत नाट्यपदं अजून ऐकू येतात. ‘मूर्तिमंत भीती उभी’ सुरू झालं की घरातलं कुणीतरी पुढची ओळ धरतंच. पण ज्या नाटकातलं हे पद आहे ते नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली माणसं फार थोडी भेटतात. वाचायला घेतलं तरी ‘भाषा जुनी आहे’, ‘कळलं ते काय, म्हाताऱ्याचं लग्न मोडतं’ असं म्हणून पुस्तक पुन्हा कपाटात जातं. जुनं साहित्य एवढ्यावर सोडून द्यायचं नाही. पात्रं आणि त्यामागचा विषय उलगडण्याची एक रीत आहे आणि ती कुणालाही जमते.

उदाहरणाला मी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ घेतो आहे. एक तर त्याचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली आपल्याच इंदुरात केला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. देवलांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र कथानकाचं हे एकच. बाकीची नाटकं संस्कृत किंवा इंग्रजी आधारावर रचलेली. इथे मात्र कोण कसं वागेल, काय बोलेल, गोष्ट कुठे वळेल हे सगळं देवलांनी स्वतः ठरवलेलं आहे. म्हणून प्रत्येक गोष्टीला ‘असंच का?’ हा प्रश्न बिनधास्त विचारता येतो.

आधी सलग आणि मोठ्याने वाचा

पहिल्या वाचनात पेन्सिल नको, टिपणं नकोत. नाटक असेल तर भूमिका वाटून घ्या. आपल्याकडच्या मुलांची मराठी घरातली, शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. लिपी ओळखीची असल्याने त्यांना वाचता येतं, पण जुन्या लांब वाक्यात ती अडकतात. मोठ्याने वाचलं की वाक्य कुठे तोडायचं ते कानाला कळतं आणि निम्मी अडचण तिथेच सुटते.

पदं गाळू नका. पण चाल माहीत असली तरी पहिल्यांदा पद गद्यासारखं, बोलल्यासारखं वाचा, कारण चालीत माणूस रमतो आणि शब्द निसटतात. ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे आपण खेळकर गाणं म्हणून ऐकत आलो. न गाता वाचून बघा. पंचाहत्तरीच्या नवरदेवाची टर उडवणाऱ्या या मुली, ज्या कोवळ्या मुलीसाठी तो नवरा ठरतोय त्या शारदेच्याच बरोबरीच्या आहेत. आज जे तिच्यावर आलंय ते उद्या यांच्यातल्या कुणावरही येऊ शकतं. एवढं लक्षात आलं की हसू आवरतं.

गोष्ट पाच-सहा ओळींत लिहून काढा

मतं नकोत, फक्त काय घडतं ते. पैशाच्या मोहाने कांचनभट आपली कोवळी मुलगी शारदा श्रीमंत म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला तयार होतो. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. लग्न उभं राहतं. कोदंड नावाचा तरुण वधू-वर एकाच गोत्राचे असल्याचं उघड करतो आणि लग्न मोडतं. जीव द्यायला निघालेल्या शारदेला तोच वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचं लग्न होतं. बस. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो, जवळ ठेवा.

प्रत्येक पात्रासाठी तीन रकाने

वहीचं पान उभं दुमडून तीन रकाने करा: तो स्वतःबद्दल काय बोलतो, दुसरे त्याच्याबद्दल काय बोलतात आणि तो प्रत्यक्षात करतो काय. तिसरा रकाना सगळ्यात खरा. पहिल्या आणि तिसऱ्यात जिथे मेळ बसत नाही तिथे ते पात्र उघडं पडतं, तिथे थांबायचं.

आपण पात्राला पटकन शिक्का मारतो. भुजंगनाथ खलनायक, कोदंड नायक, शारदा बिचारी. शिक्का मारला की वाचन संपतं. तो टाळायला मी एक युक्ती वापरतो: ते पात्र गोष्टीतून काढून बघतो. भुजंगनाथाला काढा. काय होईल? भद्रेश्वर दुसरा पैसेवाला म्हातारा शोधून आणेल. भद्रेश्वराला काढा. कांचनभट दुसरा मध्यस्थ गाठेल. आता कांचनभटाला काढा. गोष्ट जागच्या जागी थांबते! म्हणजे आपण ज्याला हसतो तो म्हातारा या अन्यायाचा चेहरा आहे आणि अन्याय चालतो तो मुलीच्या बापाच्या होकारावर. भुजंगनाथाला बघून प्रेक्षक हसून मोकळा होतो. कांचनभटाला बघून त्याला तसं मोकळं होता येत नाही, कारण असा बाप त्याच्या ओळखीचा असतो. माझ्या मते ‘शारदे’चा सगळा भार या पात्रावर आहे आणि त्याच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो.

ज्यांच्या वाट्याला थोडं बोलणं आहे त्यांचंही पान करा. शारदेची आई इंदिराकाकू हिचे सगळे प्रवेश एका बैठकीत सलग वाचा. ती कुठे बोलते आणि बोलूनही तिचं कुठे चालत नाही, एवढंच टिपा. त्या काळातल्या घराबद्दल यातून जे कळतं ते मोठ्या भाषणातून कळत नाही.

गाठ कशाने सुटते ते बघा

विषय शोधताना लोक नाटकातली सुभाषितं गोळा करतात. त्यापेक्षा शेवटाकडे बघा. अडचण ज्या गोष्टीने सुटते, तिच्यात लेखकाचा आणि त्याच्या समाजाचा विचार सापडतो.

इंदूरच्या रामबागेत एका घरी आम्ही काही जण रविवारी वाचायला बसतो. ‘शारदा’ चाललं होतं. घरातले आजोबा भुजंगनाथाचं काम मोठ्या हौसेने वाचत होते. लग्न मोडलं, सगळ्यांना बरं वाटलं, चहा आला. तेवढ्यात कॉलेजात जाणारी त्यांची नात म्हणाली, ‘‘आजोबा, गोत्र वेगळं निघालं असतं तर? मग लग्न लागलंच असतं ना?’’ आजोबा चष्मा काढून पुस्तकाकडे बघत राहिले. त्या घरातल्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, खरंच की!’’

हाच तो प्रश्न. भर मांडवात म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी सगळ्यांना दिसतात, तरी लग्न अडत नाही. अडतं ते गोत्रावर. आता विषय ‘बालविवाह वाईट’ एवढाच राहत नाही. कोणता नियम समाजाला मोडवत नाही आणि कोणता अन्याय त्याला खुपत नाही, हा विषय होतो.

मग काळ तपासा

इतिहास आधी वाचू नका. प्रश्न पडल्यावर वाचलात तर तो कामाला येतो. इथे प्रश्न असा: कोदंडाने वयावरून लग्न का नाही थांबवलं? उत्तर तारखांत आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीची वयोमर्यादा १० वरून १२ केली आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं. पण लग्नाच्या वयाला त्या कायद्याने हातही लावला नाही. लग्नाचं किमान वय आलं १९२९ च्या कायद्याने, मुलीला १४ आणि मुलाला १८. शिवाय इंदूर होळकरांचं संस्थान, ब्रिटिश हद्दीतले कायदे इथे आपोआप लागू नव्हते. म्हणजे १८९९ साली वयाच्या मुद्द्यावर हे लग्न रोखायला कोदंडाच्या हातात काहीच नव्हतं. जे हत्यार चालणार होतं तेच त्याने उचललं.

(१९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, त्यामुळे तो या नाटकावरून आला असं पुष्कळांना वाटतं. तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो.)

मत मांडा, पण पान दाखवून

आता वाचन दोन प्रकारे होऊ शकतं. एक: देवल कचरले, सुधारणेची बाजू घेऊन शेवटी शास्त्राच्या आडोशाला गेले. दोन: शास्त्राशिवाय इथे कुणाचं काही चालत नाही, हेच त्यांनी दाखवलं. मला दुसरं पटतं. शारदेचं लग्न कोदंडाशी लावतानाही देवल शंकराचार्यांची संमती आणतात. समोर बसलेल्या, शास्त्र मानणाऱ्या प्रेक्षकाला घरी जाऊन ‘हे धर्माविरुद्ध आहे’ असं म्हणायला जागाच ठेवत नाहीत. पण पहिलं मत मांडणाऱ्याकडेही पुरावा आहे आणि तो ऐकल्याशिवाय माझं मत पक्कं होत नाही. म्हणून वहीत आपल्या मताखाली ते सिद्ध करणारा प्रवेश लिहा आणि शेजारी त्याला अडचणीत आणणारा प्रवेशही लिहा. दुसरा सापडत नसेल तर पुन्हा वाचा.

‘त्या काळी असंच होतं’ हे वाक्य मात्र चर्चेत येऊ देऊ नका. त्या काळातल्याच माणसाने, त्या काळातल्याच प्रेक्षकांसमोर हे नाटक आणलं.

कादंबरी घेतलीत तर रकान्यांच्या आधी एक प्रश्न वाढतो: गोष्ट सांगतंय कोण? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यात यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिथे प्रत्येक माणूस आपल्याला यमूच्या नजरेतून दिसतो, म्हणून तिला काय दिसलं नसेल याचाही अंदाज घ्यावा लागतो. ‘शारदे’नंतर तीच वाचायला घ्या. काळ तोच आहे, पण इथे मुलगी स्वतः बोलते आणि इंदिराकाकूंसाठी केलेलं पान यमूच्या सासर-माहेरच्या बायकांशी ताडून बघता येतं.