सायकल-ट्रेलर घेण्याआधी टेप घेऊन तळघरात जा

म्युनिकमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत कुणाच्या मुलाचा किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, नंबर लागला की मला फोन येतो: "ताई, ट्रेलर (सायकलमागे जोडून मुलांना बसवून न्यायची छोटी गाडी) कुठला घेऊ? थुले की क्रूझर?" मी उलट विचारते, "तुझ्या सायकलचं मागचं चाक कशावर बसवलंय?" बहुतेकांना ते खाली वाकून बघावं लागतं. तर आधी तेच बघा, कंपनीचं नाव नंतर.

ट्रेलरचा दांडा सायकलच्या मागच्या आसाला, डाव्या बाजूने जोडतात. आस साध्या नटाचा किंवा क्विक रिलीजचा, म्हणजे हाताच्या खटक्याने उघडणारा, असेल तर फारशी कटकट नाही. अलीकडच्या इ-बाइकना मात्र बऱ्याचदा थ्रू-ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाऊन आट्यांनी घट्ट बसणारा आस, असतो. तिथे मूळ आस काढून त्याच मापाचा, पण कपलिंगपुरता (दांडा अडकवायच्या जोडापुरता) लांब असा दुसरा आस घालावा लागतो. त्याच्या आट्यांचं अंतर 1, 1.5 किंवा 1.75 मिलिमीटर असू शकतं. नुसत्या नजरेला फरक कळत नाही, म्हणून जुना आस काढून दुकानात घेऊन जा. सायकलचा स्टँड मागच्या चाकाजवळ असेल तर कपलिंग त्याला अडतं का, तेही तिथेच पाहून घ्या. फ्रेम कार्बनची असेल तर सायकल बनवणाऱ्याने ट्रेलरला परवानगी दिली आहे का, हे लेखी वाचा; पुष्कळ जण देत नाहीत. आणि ताशी 45 किलोमीटरवाली वेगवान इ-बाइक, म्हणजे एस-पेडेलेक, असेल तर विषय तिथेच संपला. जर्मनीत तिच्यामागे ट्रेलरमध्ये मुलं बसवायला मनाई आहे.

आता टेप. दोन मुलांचा ट्रेलर बाहेरून साधारण 80 ते 90 सेंटिमीटर रुंद असतो. तळघराचं दार, अंगणाचं फाटक, किटाची शेड आणि रोजच्या सायकलवाटेवर असतील ते आडवे लोखंडी कठडे, सगळं मोजा. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत तळघराला अरुंद जिना असतो. तिथे घडी घातलेला ट्रेलर एकट्याने उचलून न्यायचा आहे, आणि तोही कडेवर मूल असताना, हे डोळ्यांसमोर आणा. रिकामा ट्रेलरच पंधरा किलोच्या आसपास भरतो.

एक मूल असलं तरी जागा असेल तर मी दोघांचाच घ्यायला सांगते. उरलेल्या जागेत किटाची पिशवी, जॅकेट, रेनकोट सगळं मावतं, आणि वाटेत किटातली मैत्रीण भेटली तर तिलाही घेता येतं. पण रस्ता चढाचा असेल तर दहादा विचार करा. आम्ही गीझिंगला राहतो. इझार नदीकाठून घरी यायचं म्हणजे गीझिंगर बेर्गचा चढ आलाच. चार आणि दोन वर्षांची पोरं मिळून अठ्ठावीस-तीस किलो, त्यात ट्रेलर आणि वर दूध-बटाटे! मोटर नसेल तर हलका, एकट्याचा ट्रेलर बरा. किती वजन चालतं ते ट्रेलरवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यात मुलं आणि सामान दोन्ही धरायचं. आसन रिकामं असताना मागच्या खणात जड सामान भरू नका, दांडा वर उचलला जातो.

दुकानात मूल आणि त्याचं हेल्मेट, दोन्ही न्या. जर्मनीत हेल्मेटची सक्ती नाही, पण मी घालतेच. पाठीमागे हेल्मेटला मावेल एवढी खोलगट जागा नसेल तर मुलाचं डोकं पुढे ढकललं जातं, हनुवटी छातीला टेकते आणि झोप लागली की मान लोंबकळते. मुलाला निदान पंधरा मिनिटं आत बसवून ठेवा. डोकं छताला टेकतंय का, खांद्याचे पट्टे खांद्याच्या वरून निघतात का, पाच टोकांचं बक्कल तुमच्या थंडीने गारठलेल्या बोटांनी उघडतं का, ते पाहा.

सस्पेन्शनचं कौतुक सगळे विक्रेते करतात. स्प्रिंग मुलाच्या वजनाप्रमाणे सैल-घट्ट करता येत असेल तरच त्याला अर्थ आहे; जड मुलासाठी केलेल्या ताठ स्प्रिंगवर नऊ किलोच्या बाळाला खडीचा प्रत्येक दगड लागतो. टायरमधली हवा, टायरवर छापलेल्या मर्यादेत, थोडी कमी ठेवली तरी बराच फरक पडतो. ते फुकट होतं.

वयाचं म्हणाल तर मूल स्वतः नीट बसायला लागेपर्यंत मी सायकलमागे नेत नाही. तान्ह्यांसाठी झोळीसारखी बेबी-सीट मिळते, पण ती घेऊन सायकल चालवायची की ट्रेलर नुसता बाबागाडीसारखा ढकलायचा, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. कायद्याने सात वर्षं पूर्ण होईपर्यंतची, जास्तीत जास्त दोन मुलं नेता येतात आणि सायकल चालवणारा किमान सोळा वर्षांचा लागतो. ट्रेलर 60 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर मागे डाव्या बाजूला लाल दिवा हवा. खोक्यात तो दर वेळी येतोच असं नाही.

जुना घेणार असाल तर EN 15918 ही सायकल-ट्रेलरच्या युरोपीय मानकाची खूण, दांड्याच्या सांध्याला चीर, पट्ट्यांची उसवलेली शिवण आणि कापडाला बुरशीचा वास, एवढं तपासा. मूळ कपलिंग सोबत मागून घ्या, कारण एका कंपनीचं दुसरीला बसेलच असं नाही. अपघातात सापडलेला ट्रेलर फुकट मिळाला तरी नको.

पुण्याला नेऊन वापरू का, असंही विचारतात. मी नाहीच म्हणते. वेगळी, सलग सायकलवाट नसेल तिथे एवढी बुटकी गाडी बस-टेम्पोवाल्याच्या नजरेच्या खाली जाते, काठीवर झेंडा लावला तरी.

पहिल्या फेरीला मुलं नकोत. इंडियन स्टोअरमधली दहा किलो तांदळाची गोणी आसनावर पट्ट्याने बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून बघा. ट्रेलर मागून ढकलतो, थांबायला जास्त अंतर लागतं. उजवीकडे वळताना मोठं वळण घ्या, नाहीतर आतलं चाक फुटपाथच्या कडेवर चढून ट्रेलर कलंडतो. आणि दांडा जोडला की सुरक्षेचा पट्टाही फ्रेमभोवती घालून अडकवा. ट्रेलरची पुढची जाळी मात्र उन्हाळ्यातही बंदच ठेवा, मागच्या चाकाने उडवलेली खडी थेट आत येते.