दुरुस्ती शिकायला जुनी गाडी घेताय? मग चालणारी घ्या

गाडीचं काम शिकायचं म्हणून स्वस्त गाडी शोधायला लागलं की सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती बंद पडलेली गाडी, कारण ती जवळजवळ भंगाराच्या भावात मिळते आणि मनात असं येतं की हिला चालू केलं की आपल्याला सगळं आलं. मी पण तेच केलं होतं. गाडी टो करून आणली, उत्साहाने इंजिनचं हेड (सिलेंडरच्या वरचा भाग) उघडलं आणि तिथेच अडकलो, कारण चालू असताना ती कशी वाजायची, कुठे थरथरायची, पिकअप कसा होता हे मला माहीतच नव्हतं, मग बिघाड काय तो ओळखणार कसा? चार महिन्यांत कुठला बोल्ट कुठला ते विसरलो, उघड्या सिलेंडरना गंज धरला आणि शेवटी ती भंगारातच गेली.

म्हणून गाडी चालणारी घ्या. स्वतःच्या चाकांवर घरी येणारी, ब्रेक नीट लागणारी, पण बारीकसारीक कुरकुर करणारी. म्हणजे कसं, थोडं ऑइल गळतंय, उभी असताना (आयडलिंगला) इंजिन अडखळतंय, खड्ड्यात गेली की पुढून खडखड येते, एखादी काच वर जात नाही. यातलं प्रत्येक काम एक-दोन दिवसांत होतं आणि झालं की लगेच गाडी चालवून बघता येतं की आवाज गेला का, थरथर कमी झाली का. ही पडताळणी म्हणजेच अर्धं शिक्षण आहे आणि बंद गाडी ती देऊच शकत नाही. दुसरं म्हणजे, ही गाडी तुमची रोज कामावर जायची एकुलती एक गाडी नको, कारण रविवारी रात्री बोल्ट तुटला आणि सोमवारी सकाळी गाडी लागणारच असली की माणूस घाई करतो, आणि घाईत केलेलं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

आता कसली घ्यायची. साधं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नको, मॅन्युअल गिअर आणि फ्युएल इंजेक्शन (कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारं). कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणारी, जुन्या पद्धतीची) गाडी शिकायला सोपी असं खूप जण सांगतात, ते चुकीचं नाही, पण आज तुमच्या हाताखाली येणाऱ्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्याच असणार, मग तेच शिकलेलं बरं. त्यातही ओबीडी-२ सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची जोडणी) असलेली बघा. हे १६ पिनचं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि साधा स्वस्तातला स्कॅनर लावला तरी कोड वाचता येतो. फक्त एक लक्षात ठेवा, कोड पार्ट सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०३०१ आला म्हणजे १ नंबरच्या सिलेंडरला मिसफायर आहे, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही एवढंच, तो प्लगमुळे, कॉइलमुळे (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी), इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गेल्यामुळे ते तुम्हीच शोधायचं. १ नंबरची कॉइल २ वर लावायची, २ ची १ वर, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची, आणि आता पी०३०२ आला तर दोष कॉइलचा. एक पैसा खर्च न करता निदान झालं! माझ्या मते या एका प्रयोगासाठी तरी प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल असलेली गाडी मिळाली तर सोडू नये.

कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारं इंजिन) पहिल्यांदा नकोच. त्याच्या रेलमध्ये हजार-दोन हजार बारपर्यंत प्रेशर असतं, गळणाऱ्या बारीक भोकातून निघालेली डिझेलची धार कातडीच्या आत घुसते, आणि वरून साधं टोचल्यासारखं दिसलं तरी ती हॉस्पिटलला धावायची वेळ असते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकच्या केशरी (हाय व्होल्टेजच्या) केबलींना सुद्धा शिकाऊ हात लागता कामा नये. एअर सस्पेन्शन, चार चाकांना पॉवर देणारी सिस्टीम, महागड्या ब्रँडची उतरलेल्या किमतीची गाडी, हे पण टाळा, कारण त्यांची किंमत उतरते पण पार्टची किंमत उतरत नाही.

जी गाडी भरपूर विकली गेली तीच शिकायला चांगली, कारण पार्ट सहज मिळतात, भंगारात तशा दहा गाड्या सापडतात आणि सर्व्हिस मॅन्युअल कुठेतरी मिळतंच. कोरोलासारखं नाव १९६६ पासून चालू आहे, आणि अशा गाड्यांच्या जुन्या पिढ्यांवर माहितीचा ढीग पडलाय. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा मोह पण होतो, १९३८ ते २००३ मध्ये २ कोटी १५ लाखांच्या आसपास बनल्या आणि इंजिन काढायला सोपं म्हणून त्यांची ख्याती आहे, पण त्या एअर-कूल्ड, रेडिएटर नाही, थर्मोस्टॅट-वॉटर पंप-कूलंट हा सगळा धडाच त्यात नाही. त्यामुळे दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली नको.

मॉडेल ठरवायच्या आधी एकदा बोनेट उघडून हात घालून बघा. ऑइल फिल्टरपर्यंत हात जातो का, प्लग वरून दिसतात का, अल्टरनेटरच्या बोल्टवर पाना फिरवायला जागा आहे का. काही गाड्यांत हेडलाइटचा बल्ब बदलायला बंपर काढावा लागतो, आणि व्ही-६ इंजिन आडवं बसवलं असेल तर मागच्या ३ प्लगसाठी वरचा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवायची वेळ येते. असली गाडी शिकवत नाही, नुसती चिडवते.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचलात की पहिलं बोनेटवर हात ठेवा. गरम लागली तर थंड इंजिनचा त्रास लपवलाय असं धरून चाला आणि दुसऱ्या दिवशी परत या. ऑइलचं झाकण उघडा, खाली दुधाळ पिवळसर चिकट थर असेल तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलेलं असू शकतं, नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत सुद्धा थोडा येतो, पण कूलंटमध्ये पण तेल तरंगत असेल तर सरळ परत फिरा. स्टार्ट केल्यावर धूर बघा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर येतच राहिला तर कूलंट आत जातंय. चालवताना वरच्या गिअरमध्ये हळू वेगावरून एकदम रेस द्या, आरपीएम (इंजिनचे फेरे) चढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच प्लेट संपली. स्टिअरिंग पूर्ण कापून हळू फिरवली आणि कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलाय, हे घाबरण्यासारखं नाही, शिकायला छान काम आहे, किंमत कमी करून घ्या.

इंजिनपेक्षा मी बॉडीला घाबरतो. इंजिनचे पार्ट बदलता येतात पण सडलेला पत्रा वेल्डिंगशिवाय सुधरत नाही, आणि जॅक लावायच्या जागाच कुजल्या असतील तर त्या गाडीखाली तुम्ही जाणार कसे? दाराखालच्या पट्टीवर, जॅक पॉइंटवर, पुढच्या शॉकअपच्या वरच्या माउंटिंगजवळ स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत वाजायला हवं. बद्द वाजलं किंवा चुंबक चिकटला नाही तर तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, त्यावर आडवा मातकट डाग असेल आणि सीटखालच्या बोल्टना गंज असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, तिची वायरिंग तुम्हाला वर्षभर छळेल. चेसिस नंबर कागदाशी स्वतः जुळवून बघा, फोटोवर भागवू नका.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा पट्टा) कधी बदलला हे विचारा आणि बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि सगळं हेड जातं. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, खूप गाड्यांत ६०,००० ते १,००,००० किलोमीटर, आणि वर्षांची पण मर्यादा असते.

पैसे सगळे गाडीत घालू नका. जेवढं बजेट आहे त्यातला निम्मा भाग बाजूला ठेवा, हत्यारं, टायर, ऑइल, पार्ट यासाठी. गोटी पान्याचा चांगला सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), मल्टिमीटर, जॅक आणि दोन मजबूत स्टँड. स्टँड ही ऐच्छिक वस्तू नाही. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली हात पण घालायचा नाही, एका मिनिटाचं काम असलं तरी नाही.

टॉर्क रेंचचं महत्त्व मला माझ्या दुसऱ्या गाडीने शिकवलं. टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या सगळ्यात वरचं झाकण) ऑइल गळून खाली गरम एक्झॉस्टवर पडायचं आणि सिग्नलला थांबलं की जळका वास आत यायचा. कव्हर काढलं, जुनं पॅकिंग प्लास्टिकसारखं कडक झालेलं, नखाने तुकडे पडत होते. नवीन बसवलं आणि परत गळू नये म्हणून बोल्ट अंगातला जोर लावून आवळले. तिसऱ्या बोल्टला पाना एकदम हलका झाला, अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले होते. त्या बारीक बोल्टना साधारण १० न्यूटन मीटरच पुरे असतं, चाकाच्या नटांना लागतं त्याच्या एक दशांश. मॅन्युअलमध्ये आकडा लिहिलेला असतो, तो बघूनच आवळायचं.

गाडी घरी आली की पहिल्या दिवशी काही उघडू नका. इंजिन बंद ठेवून रात्रभर उभी करा, सकाळी मल्टिमीटर लावा, बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवी. खाली पुठ्ठा अंथरा आणि कुठे कुठे ठिपके पडतात ते बघा, काळे-तपकिरी ऑइलचे, हिरवे किंवा गुलाबी कूलंटचे, आणि चाकाजवळ पातळ पिवळसर ठिपका दिसला तर ब्रेक फ्लुइड, ते आधी. मग वहीत सगळ्या तक्रारी लिहा, ब्रेक आणि टायर सगळ्यात वर, मग ऑइल-फिल्टर, कूलंट, प्लग, आणि काच वर न जाणारी खिडकी सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच काम उघडायचं, आणि काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवायचा.