उभ्या झाडापासून तुळईपर्यंत: सूचिपर्णी झाड कसं पाडावं, चिरावं आणि वाळवावं

कामाची सुरुवात आराखड्यापासून करा. खांब किती, तुळया किती, वासे किती, प्रत्येकाची लांबी-जाडी काय, हे लिहून काढा आणि ती यादी खिशात घालूनच जंगलात शिरा. आधी झाड पाडायचं आणि मग त्यातून काय निघतंय ते बघायचं, या सवयीने खूप चांगलं लाकूड वाया जातं.

झाड निवडणं

गोल खोडातून चौरस तुळई काढली, की तिची बाजू खोडाच्या व्यासाच्या साधारण ७० टक्के भरते. १५ सेंमी चौरस तुळई हवी असेल तर ओंडक्याच्या बारीक टोकाला, साल सोडून, किमान २२ सेंमी व्यास लागतो. खोड वर जाताना मीटरमागे साधारण १ सेंमी बारीक होतं. म्हणजे ४ मीटरच्या तुळईला बुंध्याकडे २६-२७ सेंमी हवं. छातीच्या उंचीवर सालीसकट टेप गुंडाळलीत, तर घेर ८५ ते ९० सेंमी भरायला हवा.

सूचिपर्णी म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांपैकी स्प्रूसचं लाकूड हलकं आणि सरळ असतं, पण ते आडोशातल्या सांगाड्यालाच वापरा. पावसात ते कुजतं. उघड्यावरच्या कामाला लार्च किंवा डग्लस फरचा गाभा घ्या. सालीलगतचं पांढरट लाकूड मात्र कोणत्याही जातीचं असो, बाहेर टिकत नाही.

दाटीत वाढलेली झाडं सरळ असतात आणि त्यांच्या गाठी लहान असतात. जंगलाच्या कडेच्या झाडाला उजेडाच्या बाजूने जाड फांद्या फुटतात, तिथे मोठ्या गाठी मिळणार हे धरून चाला. सालीवरच्या भेगा मळसूत्रासारख्या खोडाभोवती फिरत असतील तर आतले तंतूही पिळलेले असतात. असं लाकूड वाळताना पीळ घेतं.

सगळ्यात जपायचं ते कललेल्या झाडापासून. उतारावरचं एक झाड मी मोहापायी निवडलं होतं. बुंध्याशी थोडं वाकलेलं, वर अगदी सरळ. पाडल्यावर कापाकडे पाहिलं तर मधला ठिपका एका बाजूला सरकलेला, आणि खालच्या बाजूची वर्तुळं रुंद, तांबूस, गडद. तरी चिरलं. तुळई करवतीवरून उतरली तेव्हा सुतात होती, दोन महिन्यांत धनुष्यासारखी वाकली. कललेलं सूचिपर्णी झाड तोल सावरण्यासाठी खालच्या अंगाला वेगळं, घट्ट लाकूड तयार करतं. साधं लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. हे मात्र लांबीतही आटतं आणि सगळी तुळई ओढून घेतं. असा ओंडका जळणाला द्या.

तोडीला परवानगी लागते का, हे झाडावर खूण करण्याआधीच विचारून घ्या. भार पेलणाऱ्या तुळयांची मापं स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या.

पाडणं

हिवाळा उत्तम. थंडीत कीड आणि बुरशी मंदावलेली असते. उन्हाळ्यात पाइनचे ओंडके पडून राहिले तर काही आठवड्यांतच बाहेरच्या लाकडात निळसर डाग शिरतात.

चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, कधी चालवली नसेल, तर हा भाग प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. वाचून शिकण्याचं हे काम नव्हे. जाळीचं हेल्मेट, कानांचं संरक्षण, चेनसॉची खास पँट आणि बूट असल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. झाडाच्या दुप्पट उंचीच्या अंतरात दुसरं कुणी नको. पडण्याच्या दिशेच्या मागे तिरक्या दोन वाटा आधीच मोकळ्या करून ठेवा.

पडायच्या बाजूला आधी खाच घ्या: खोली व्यासाच्या पाव भागापर्यंत, कोन निदान ४५ अंश. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा २-३ सेंमी वर, आडवा काप घ्या. दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवा. ४० सेंमीच्या खोडाला ती ४ सेंमी. हीच बिजागरी, झाड तिच्यावर वळून ठरल्या दिशेला जातं. ती कापली गेली, की झाडावर तुमचा ताबा उरत नाही. मागच्या कापात वेळेवर पाचर ठोका, म्हणजे करवतीचं पान अडकत नाही. झाड हललं की ठरल्या वाटेने मागे व्हा.

झाड शेजारच्या झाडात अडकलं तर त्याच्याखाली जाऊ नका आणि आधाराचं झाडही कापू नका. विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, ओढून काढा.

ओंडके आणि चिराई

प्रत्येक ओंडका लागणाऱ्या लांबीपेक्षा १० सेंमी जास्त ठेवा, कारण टोकांना तडे जातातच. त्याच दिवशी टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. ४० सेंमी जाड, ५ मीटर लांब ओला ओंडका जवळपास अर्धा टन भरतो, तेव्हा हाताने उचलायच्या भानगडीत पडू नका.

चेनसॉवर बसवायची मिल (ओंडका सरळ चिरण्यासाठीची चौकट) स्वस्त पडते आणि जंगलात नेता येते, पण प्रत्येक कापाला ८-१० मिमी लाकडाचा भुसा होतो. बँडसॉ मिलमध्ये (तिथे करवतीचा पातळ पट्टा फिरतो) २-३ मिमीच जातं. फळ्या भरपूर काढायच्या असतील तर मी बँडसॉच घेईन. चेनसॉ मिलला उभ्या चिराईची वेगळी चेन लागते; पहिल्या कापासाठी ओंडक्यावर सरळ शिडी ठोकून तिच्यावरून मिल सरकवा.

बारीक टोक उचलून खाली ठोकळे द्या, म्हणजे मधला ठिपका दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर येईल. तुळईत तो बरोबर मध्यभागी ठेवा. तडे पडले तरी ती सरळ राहते. फळ्यांत मात्र तो येऊ देऊ नका. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आटतं, त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. त्यामुळे फळी पन्हळीसारखी वळते. आटण्यासाठी आणि रंध्यासाठी म्हणून १५ सेंमीच्या तुळईला निदान १ सेंमी जास्त धरा.

वाळवणं

थप्पीचा पाया पाण्याच्या लेव्हलने सपाट करा आणि जमिनीपासून ३०-४० सेंमी उंच ठेवा. पाया वाकडा असेल तर फळ्या तशाच वाकड्या वाळतात. दर थरामध्ये २५ मिमीच्या कोरड्या पट्ट्या, साधारण ५० सेंमी अंतरावर, एकावर एक अगदी ओळंब्यात. वरून पत्रा, त्यावर वजन, बाजू मोकळ्या.

उघड्यावर लाकूड १५ ते २० टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं. सांगाड्याला तेवढं चालतं, घरातल्या फर्निचरला नाही. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर थप्पीच्या मधली एक फळी ओढता येईल अशी ठेवा आणि दर आठवड्याला वजन करून तिच्यावरच पेन्सिलीने लिहा. वजन सलग तीन-चार आठवडे उतरलं नाही, की त्या हवेत जितकं वाळायचं तितकं लाकूड वाळलं.