मिसळ, मोदक आणि तांब्या: पदार्थ व वस्तूंच्या फोटोंचा स्टुडिओ कसा चालवायचा

पदार्थांचे फोटो काढायच्या स्टुडिओसाठी जागा बघताना आधी ओटा, सिंक आणि गॅसची सोय बघा. पदार्थ बाहेरून डब्यात आणला की वाफ आत जिरते, कुरकुरीत ते मऊ पडतं, कोथिंबीर काळवंडते. शेगडीपासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर पाच-सात पावलांचंच असावं.

खोली १२ बाय १८ फूट आणि छत १० फूट असेल तर काम सुखाचं होतं. भिंती मॅट पांढऱ्या किंवा राखाडी ठेवा, कारण पिवळ्या-गुलाबी भिंतीचा रंग पांढऱ्या भातावर उतरतो आणि नंतर कॉम्प्युटरवर निघता निघत नाही. शूट चालू असताना छतातले ट्यूबलाइट बंद आणि खिडकीला जाड पडदा. जेवणाचं पान वरून टिपायचं तर अडीच फूट रुंदीसाठी फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या, ३६ बाय २४ एमएम सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स लावून साधारण साडेतीन फूट उंची लागते. म्हणून पान दीड फुटी चौरंगावर मांडा, म्हणजे स्टुलावर न चढता स्क्रीन दिसते.

सुरुवातीला एवढं पुरतं: ४०० वॉट-सेकंद ताकदीचे दोन फ्लॅश, ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), आडवी दांडी असलेला स्टँड आणि त्याच्या पायावर वाळूची पिशवी, अगदी जवळून टिपणारी १०० एमएम मॅक्रो लेन्स, ट्रेसिंग पेपरचा मोठा रोल, थर्माकोलचे पांढरे तक्ते, काळा कार्डशीट आणि लॅपटॉपला जोडायची लांब केबल. महागडा कॅमेरा नंतर घेतला तरी चालतो, पण केबल पहिल्या दिवसापासून हवी. वाटीच्या काठावरचा तेलाचा थेंब कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, लॅपटॉपवर लगेच दिसतो.

मिसळ

प्रकाश आधी लावायचा, मिसळ नंतर. त्याच मापाच्या वाटीत काहीही लाल भरून ती जागेवर ठेवा आणि तिच्यावर सगळं जुळवून घ्या. सॉफ्टबॉक्स वाटीच्या मागे, किंचित डावीकडे. घड्याळाच्या भाषेत दहा-अकराच्या जागी. समोर उजवीकडे थर्माकोलचा तक्ता, म्हणजे सावली काळीकुट्ट होत नाही. समोरून प्रकाश टाकला तर तर्रीची चकाकी मरते आणि रस्सा रंगवल्यासारखा दिसतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/८ पासून सुरू करा. एफ/१६ च्या पुढे गेलात तर सगळंच थोडं पुसट होऊ लागतं.

आता खरी वाटी. तळाशी छोटी वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर मटकीची उसळ रचा, नाहीतर उसळ बुडते आणि वर नुसता रस्सा उरतो. रस्सा कडेने, पळीने हळूच सोडा. तर्री वेगळी गरम ठेवलेली असावी. थंड झाली की तिची चमक जाते. ती चमच्याने वरून फिरवा. फरसाण सगळ्यात शेवटी, हाताने एकेक तुकडा निवडून. त्यानंतर हाताशी दोन-तीन मिनिटं असतात. फरसाण रस्सा पिऊन फुगलं की चिमट्याने वरचा थर काढून नवा घाला. कांदा आणि कोथिंबीर ऐनवेळी चिरा.

तर्रीत आणखी एक अडचण लपलेली असते. एकूण हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) ठीक दिसतो, पण त्यातला लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचा वेगळा आलेख, मात्र उजव्या कडेला आपटलेला असतो. मग तर्रीतले बारीकसारीक थर सपाट होऊन नुसता लाल डाग उरतो. म्हणून तिन्ही चॅनल वेगवेगळे बघा आणि गरज पडली तर प्रकाश अर्ध्या स्टॉपने कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). आमरस आणि केशरी जिलबीलाही हेच लागू.

उकडीचे मोदक वाफेतून काढताच सुकू लागतात आणि कळ्यांवर चिरा पडतात. ब्रशने पातळ तुपाचा अगदी हलका हात फिरवा आणि बाकीचे ओल्या फडक्याखाली ठेवा. प्रकाश बाजूने आणि कमी उंचीवरून आला तरच कळ्या उठून दिसतात.

पान वाढताना मीठ वर मध्यभागी. लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. हे उलटं झालं तर मराठी गिऱ्हाइकाला फोटो किती सुंदर आहे ते दिसतच नाही, आधी चूक दिसते. एडिटिंगमध्ये फोटो आडवा पलटवतानाही हे ध्यानात ठेवा.

तांब्या, बरणी, पाकीट

चकचकीत भांड्याचा फोटो म्हणजे त्यात दिसणाऱ्या खोलीचा फोटो. त्यामुळे भांड्याभोवती काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. तांब्याच्या दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपर ताणून बांधा, फ्लॅश कागदापासून दीड-दोन फूट मागे. चौकटीच्या अगदी बाहेर काळ्या कार्डाची उभी पट्टी ठेवली की भांड्याची कड रेखीव उमटते. तिच्याशिवाय चकचकीत कड पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळते. पोलरायझर (लेन्सवर लावायचा चकाकी-रोधक फिल्टर) काचेची आणि प्लॅस्टिकची चकाकी कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा उपयोग नाही. तांबं चिंच-मिठाने घासलं की लगेच धुऊन कोरडं करा आणि पुढे सुती हातमोजे घालूनच उचला, कारण बोटांचे ठसे मोठ्या फोटोत स्पष्ट येतात.

लोणच्याच्या बरणीमागे बरणीपेक्षा किंचित लहान पांढरं कार्ड तिरकं लावा, म्हणजे फोडी आतून उजळतात. मसाल्याच्या पाकिटात मसाला एका बाजूला घसरतो, म्हणून आत कागदाचे बोळे समान भरून मागून टेपने सुरकुत्या ओढून घ्या.

अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी, म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही रंग कमाल २५५-२५५-२५५, लागते. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा. लांब बाजू किमान १००० पिक्सेल असली तर झूम चालतो. पार्श्वभूमी वस्तूपासून तीन-चार फूट मागे ठेवून तिला वेगळा प्रकाश द्या, वस्तूपेक्षा साधारण एक स्टॉप जास्त. दोन स्टॉप दिलेत तर मागचा प्रकाश पुढे सांडतो आणि कडा खाऊन टाकतो.

व्यवहार

यादी आधी लेखी घ्या: कोणता पदार्थ, कोणत्या कोनातून, फोटो कुठे वापरणार. मेन्यूचे साधे फोटो दिवसाला बारा-पंधरा नीट होतात. मांडणीचे असतील तर पाच-सहाच. दर ठरवताना सामान, आचारी आणि एडिटिंग वेगळं लिहा, किती दुरुस्त्या मोफत तेही. निम्मी रक्कम आगाऊ, कारण बाजारहाट आदल्या दिवशीच होते.

हक्कांबद्दल लेखी करार नसेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो. फोटो स्वतःच्या नमुन्यांत वापरायचे असतील किंवा वापरावर मुदत घालायची असेल तर ते करारात आधीच लिहा.

वेबसाठी एसआरजीबी (स्क्रीनसाठीची प्रमाणित रंगपद्धत), छपाईसाठी ए-४ पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल द्या. मूळ फाइल्स दोन ड्राइव्हवर आणि तिसरी प्रत स्टुडिओबाहेर. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि आर्द्रतेचा काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. बुरशी एकदा काचेवर बसली की साफ करूनही तिचे डाग राहू शकतात.