एलिट डेंजरस: डॉल्फिन, ओर्का की बेलुगा?

एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये प्रवासी वाहतुकीसाठी यान घेताना आधी किंमत बघू नका, लँडिंग पॅड बघा. डॉल्फिन लहान पॅडवर उतरते. ओर्का आणि बेलुगाला मोठे पॅड लागते. आउटपोस्टवर (लहान अंतराळ स्थानकावर) मोठे पॅड नसतेच, त्यामुळे तिथली मोहीम मोठ्या यानातून घेतली तर प्रवासी उतरवायला जागाच नाही.

लक्झरी केबिन फक्त सॉड क्रूगर कंपनीच्या या तीन यानांत बसते. पायथन हे दुसरे यान मध्यम पॅडवर उतरते, केबिनही भरपूर घेते, पण फर्स्ट क्लासपर्यंतच.

नवख्यांची हमखास फसगत केबिन मोजताना होते. एका मोहिमेतला गट एक अख्खी केबिन अडवतो. सहा क्रमांकाच्या आकाराच्या इकॉनॉमी केबिनमध्ये ३२ जण मावतात, तरी दोघांचा गट बसवला की बाकीच्या ३० जागा वाया. म्हणून वेगवेगळे व्हीआयपी न्यायचे असतील तर लहान केबिन जास्त ठेवा. वरच्या दर्जाची केबिन खालच्या दर्जाच्या प्रवाशाला चालते, उलटे चालत नाही.

लांबच्या पर्यटनाला फ्युएल स्कूप (ताऱ्यातून इंधन गोळा करणारे यंत्र) हवाच, आणि इथे डॉल्फिन फार गुणी: ती इतकी थंड राहते की ताऱ्याजवळ इंधन भरताना सहसा तापत नाही. ओर्का मोठी असून वेगवान. बेलुगात जागा सर्वाधिक, पण स्टेशनच्या फटीसारख्या प्रवेशद्वारातून शिरताना तिची रुंदी सांभाळा. धडका बसल्या की प्रवासी नाराज होतात.

मोहीम स्वीकारण्याआधी ताऱ्यापासून स्टेशनचे अंतर नक्की वाचा. काही स्टेशने लाखो प्रकाश-सेकंद दूर असतात.